कॉर्टिसोल पेशीत शिरल्यानंतरचा अर्धा तास

दम्याच्या रुग्णाला डॉक्टर बहुतेक वेळा दोन इनहेलर लिहून देतात. एकाने पाच-दहा मिनिटांत छाती मोकळी होते. दुसऱ्यात स्टिरॉइड असते आणि ते हातात देताना डॉक्टर बजावतात, की याचा गुण लगेच दिसणार नाही, तरी रोज घ्यायचे. रुग्णाला वाटते, दुसरे औषध सौम्य असावे. खरे कारण वेगळे आहे. पहिल्या औषधाचे काम पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर सुरू होते. दुसऱ्याला पेशीत शिरावे लागते, आत एका ठरावीक प्रथिनाला गाठावे लागते आणि त्या प्रथिनाकरवी डीएनएवरची जनुके चालू-बंद करवून घ्यावी लागतात. मग कुठे नवी प्रथिने तयार होतात आणि सूज उतरू लागते.

ते ठरावीक प्रथिन म्हणजे स्टिरॉइड हार्मोनचा रिसेप्टर. हार्मोन येऊन चिकटला आणि रिसेप्टर चालू झाला, इतक्या एका वाक्यात पाठ्यपुस्तके हा भाग उरकतात. त्या वाक्यात बरेच काही दडपले गेले आहे. हा शोध मुख्यतः अमेरिकेतल्या मोजक्या प्रयोगशाळांत लागला आणि त्यातला काही भाग आधी चुकीचा समजला गेला होता.

आधी स्टिरॉइड म्हणजे काय ते उरकून घेऊ. नाव ऐकताच व्यायामशाळेतली इंजेक्शने आठवतात, पण ती या घराण्याची एक शाखा झाली. कोलेस्टेरॉलपासून शरीर जे हार्मोन बनवते ते सगळे यात मोडतात : मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतले कॉर्टिसोल आणि अल्डोस्टेरॉन, बीजांडकोशातले इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन, वृषणातले टेस्टोस्टेरॉन. सगळ्यांचा सांगाडा एकच, एकमेकांना जोडलेली कार्बनची चार कडी. हे रेणू लहान आणि स्निग्ध असतात. पेशीचा पडदा मेदाचा असल्यामुळे इन्सुलिनसारख्या मोठ्या हार्मोनला तो ओलांडता येत नाही, कॉर्टिसोल मात्र सहज आत झिरपते. रक्तातले नव्वद टक्क्यांहून अधिक कॉर्टिसोल वाहक प्रथिनांना चिकटून फिरत असते. मोकळे असते तेवढेच आत जाते.

हार्मोन पेशीत जातो, हे मात्र 1950च्या दशकात सर्वमान्य नव्हते. तेव्हाचा प्रबळ समज असा, की इस्ट्रोजेन एखाद्या एन्झाइमच्या क्रियेत भाग घेतो, स्वतः रासायनिकरीत्या बदलतो, परत मूळ रूपात येतो आणि या उलाढालीतून गर्भाशयाची वाढ होते. शिकागो विद्यापीठातले एलवुड जेन्सन हे मूळचे सेंद्रिय रसायनाचे माणूस. त्यांनी प्रश्नच उलटा केला. हार्मोन शरीराचे काय करतो, हे विचारण्याऐवजी शरीर हार्मोनचे काय करते, हे त्यांनी विचारले. ते स्वतः याचा संबंध मॅटरहॉर्नशी जोडत. झुरिकला शिष्यवृत्तीवर असताना, गिर्यारोहणाचा अनुभव नसूनही, ते त्या शिखरावर चढले होते. इटलीच्या बाजूने अनेकांचे प्रयत्न फसल्यावर 1865मध्ये एडवर्ड व्हिम्परने ते शिखर स्वित्झर्लंडच्या बाजूने सर केले होते, आणि ही गोष्ट जेन्सन यांच्या मनात घर करून राहिली.

प्रश्न उलटा करणे सोपे होते, उत्तर मिळवणे अवघड. इस्ट्रोजेन रक्तात इतक्या अल्प प्रमाणात असते, की उतीत शोधायचे कसे, हीच अडचण. जेन्सन आणि त्यांचे सहकारी हर्बर्ट जेकबसन यांनी इस्ट्राडिओलच्या रेणूत हायड्रोजनच्या जागी ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, बसवले. त्यासाठी लागणारे उपकरण त्यांनी स्वतः उभारले. असा खुणावलेला हार्मोन वयात न आलेल्या मादी उंदरांना टोचला आणि ठरावीक वेळाने एकेका अवयवातला किरणोत्सार मोजला. यकृतात, स्नायूंत तो चढला आणि उतरला. गर्भाशयात मात्र तासन्‌तास टिकून राहिला. शिवाय तिथून परत काढलेले इस्ट्राडिओल रासायनिकदृष्ट्या जसेच्या तसे होते. म्हणजे एन्झाइमची उलाढाल नव्हतीच. गर्भाशयात असे काहीतरी होते, जे हार्मोनला न बदलता धरून ठेवते.

1958मध्ये व्हिएन्नातल्या जीवरसायन परिषदेत जेन्सन यांनी हे मांडले तेव्हा श्रोते पाच होते, आणि त्यातले तीन त्याच सत्रातले वक्ते. शेजारच्या दालनात एन्झाइमचा सिद्धान्त ऐकायला गर्दी जमली होती. ही आठवण ते पुढे स्वतः सांगत.

1966मध्ये इलिनॉय विद्यापीठात डेव्हिड टॉफ्ट आणि जॅक गोर्स्की यांनी हार्मोन धरणारी ती वस्तू साखरेच्या द्रावणात अतिवेगाने फिरवून वेगळी केली. ते प्रथिन होते. मग दोन वर्षांत जेन्सन आणि गोर्स्की या दोघांच्या गटांनी जवळजवळ एकच चित्र मांडले. गर्भाशय कुटून त्याचा रस काढला, की रिकामा रिसेप्टर केंद्रकाबाहेरच्या भागात, पेशीद्रवात सापडे. हार्मोन दिल्यावर मात्र तो केंद्रकात सापडे. उती बर्फावर ठेवून हार्मोन दिला तर हार्मोन चिकटे, पण रिसेप्टर बाहेरच राही. ऊब मिळताच केंद्रकात जाई. म्हणून दोन पायऱ्यांचा सिद्धान्त आला : आधी पेशीद्रवात हार्मोन चिकटतो, मग रिसेप्टरचे रूप पालटते आणि तो केंद्रकाकडे निघतो. पंधरा-सोळा वर्षे हेच शिकवले गेले.

1984मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात लागोपाठ दोन लेख आले आणि इस्ट्रोजेनपुरते तरी हे चित्र मोडले. शिकागोत डब्ल्यू. जे. किंग आणि जेफ्री ग्रीन यांनी इस्ट्रोजेन रिसेप्टरला नेमके चिकटणारे अँटिबॉडी वापरून पेशी न कुटता, जागच्या जागी रंगवल्या. हार्मोन असो वा नसो, रंग केंद्रकातच दिसला. विस्कॉन्सिन विद्यापीठात वेड वेलशॉन्स आणि सहकाऱ्यांनी दुसरी युक्ती केली. सायटोकॅलॅसिन हे द्रव्य देऊन पेशीचे दोन भाग केले, केंद्रक असलेला आणि केंद्रक नसलेला. रिकामा रिसेप्टर केंद्रकवाल्या भागात मिळाला. या दुसऱ्या लेखाच्या लेखकांत जॅक गोर्स्की होते. सोळा वर्षांपूर्वी दोन पायऱ्यांचे चित्र मांडणाऱ्यांपैकीच ते एक, आणि ते पुसण्यातही त्यांचा हात होता. विज्ञानात हे वाटते तितके वारंवार घडत नाही.

मग आधीची निरीक्षणे खोटी होती का? नाही, पेशी कुटण्याचा तो परिणाम होता. रिकामा इस्ट्रोजेन रिसेप्टर केंद्रकात असतो, पण सैल. उती वाटताना भरपूर पाणीदार द्रावण पडते, तसा तो निसटून बाहेर येतो. हार्मोन चिकटलेला रिसेप्टर घट्ट बसतो, निसटत नाही. पेशी मोडून आत काय आहे ते पाहायचे, तर मोडण्यानेच वस्तू जागा सोडतात, ही शंका त्यानंतर या क्षेत्राला कायमची चिकटली.

कॉर्टिसोलच्या रिसेप्टरची मात्र तऱ्हा निराळी निघाली. तो खरोखरच हार्मोनविना मुख्यतः केंद्रकाबाहेर असतो. म्हणजे जुने चित्र एका भावंडाला लागू पडते, दुसऱ्याला नाही. यापुढे आपण याच कॉर्टिसोलच्या रिसेप्टरसोबत जाऊ. माणसातल्या या प्रथिनात 777 अमिनो आम्ले असतात. त्याचे जनुक 1985मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटाने वेगळे केले. ढोबळपणे त्याचे तीन भाग : एक टोक इतर प्रथिनांशी बोलणारे, मधला तुकडा डीएनए पकडणारा, आणि दुसरे टोक हार्मोन धरणारे.

हार्मोन धरणारे हे टोक रिकामे असताना लुळे असते. हार्मोनची जागा प्रथिनाच्या अगदी आत, चिकटू बघणाऱ्या स्निग्ध अमिनो आम्लांच्या घडीत असते, आणि ती घडी आपली आपण उघडी राहू शकत नाही. मान न धरलेल्या बाळाला उचलताना कुणाचा तरी तळवा मानेखाली लागतो, तसा या रिसेप्टरला सतत आधार लागतो. तो आधार देणारे प्रथिन एचएसपी-90. पेशीतल्या एकूण प्रथिनांपैकी एक-दोन टक्के वाटा एकट्या याचा असतो.

सुरुवातीला संशोधकांना वाटले, एचएसपी-90 रिसेप्टरला दाबून ठेवते आणि हार्मोन आला की बाजूला होते. 1990मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतले कीथ यामामोटो आणि शिकागोतल्या सुझन लिंडक्विस्ट यांच्या गटांनी मिळून ते तपासले. यीस्टमध्ये मानवी शरीरातले हार्मोन नसतात, पण बाहेरून रिसेप्टरचे जनुक घातले तर तो तिथेही काम करतो. यीस्टमधले एचएसपी-90 खूप कमी केले. दाबून ठेवणाराच नाहीसा झाला, तर रिसेप्टर मोकाट सुटायला हवा होता. उलट हार्मोन देऊनही तो ढिम्म राहिला. म्हणजे एचएसपी-90 पहारेकरी असेल तर असेल, पण त्याच्यावाचून रिसेप्टर हार्मोन ऐकण्याच्या लायकीचाच होत नाही.

पुढे सॅन फ्रान्सिस्कोतच डेव्हिड एगार्ड यांच्या गटाने हा आधार पायरी-पायरीने उलगडला. आधी एचएसपी-70 हे दुसरे मदतनीस प्रथिन रिसेप्टरला पकडते आणि त्याची घडी अर्धवट विस्कटते. या अवस्थेत तो हार्मोन धरू शकत नाही. मग एका जोडणाऱ्या प्रथिनामार्फत तो एचएसपी-90च्या ताब्यात जातो. तिथे घडी पुन्हा बसते, पी-23 नावाचे छोटे प्रथिन ती स्थिर करते आणि हार्मोनची जागा उघडी राहते. या फेऱ्याला पेशी ऊर्जा मोजते, एटीपी जाळते. घडी विस्कटायची आणि परत घालायची, हा उद्योग हार्मोन येण्याआधी अखंड चालू असतो. वरवर उधळपट्टी वाटते. पण हार्मोन जेव्हा येईल तेव्हा त्याला धरायला प्रत्येक पेशीत हजारो रिसेप्टर तयार असतात, ते या खर्चामुळेच.

आता कॉर्टिसोल आत आले. ते घडीत पूर्णपणे गाडले जाते आणि प्रथिन त्याच्याभोवती आवळते. रिसेप्टरचे एक शेवटचे वेटोळे, संशोधकांच्या भाषेत बारावे हेलिक्स, हलून एका ठरावीक जागी बसते. त्यासरशी रिसेप्टरच्या पृष्ठभागावर एक खाच तयार होते. पुढे जनुक चालू करणारी सहायक प्रथिने या खाचेतच बसणार असतात. मिफेप्रिस्टोन हे औषधही त्याच घडीत शिरते, पण त्याच्या रेणूला एक लांब फांदी आहे आणि ती बाराव्या हेलिक्सला त्याच्या जागी बसू देत नाही. खाच तयार होत नाही. स्तनांच्या कर्करोगावरचे टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या बाबतीत हेच करते. अमेरिकेच्या एफडीएने त्याला डिसेंबर 1977मध्ये मंजुरी दिली आणि अनेकींच्या आयुष्यात वर्षांची भर पडली. गाठीत इस्ट्रोजेन रिसेप्टर आहे की नाही, हे आधी तपासायचे आणि मग उपचार ठरवायचे, ही पद्धत जेन्सन यांच्याच कामातून आली. आजही बायोप्सीच्या अहवालात ‘ईआर पॉझिटिव्ह’ असे जे छापलेले असते, ते हेच.

इथवरची माहिती बरीचशी फोडलेल्या पेशींतून किंवा स्फटिक रूपातल्या प्रथिनांतून आली. जिवंत पेशीत हे घडताना पाहायला एका जेलीफिशची गरज पडली. ओसामू शिमोमुरा यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या फ्रायडे हार्बरच्या समुद्रातून गोळा केलेल्या जेलीफिशमधून हिरवे चमकणारे प्रथिन शोधले होते. ते 1962मध्ये प्रसिद्ध झाले. 1994मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या मार्टिन चॅल्फी यांनी दाखवले, की त्याचे जनुक दुसऱ्या जिवात घातले तरी चमक येते. दोन वर्षांत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत गॉर्डन हेगर यांच्या प्रयोगशाळेने कॉर्टिसोलच्या रिसेप्टरला ही हिरवी शेपटी जोडली.

या प्रयोगात एक गोष्ट न करून चालत नाही. प्रयोगशाळेत पेशी वाढवायला वासराचे सीरम घालतात, आणि त्यात स्टिरॉइड असतातच. तसेच वापरले तर प्रयोग सुरू होण्याआधीच रिसेप्टर केंद्रकात पोचलेले असतील. म्हणून सीरममध्ये कोळशाची पूड ढवळून ती काढून टाकतात. कोळसा स्टिरॉइड शोषून घेतो. अशा सीरममध्ये ठेवलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर केंद्रकाच्या जागी काळा गोल आणि सभोवती हिरवा उजेड दिसतो. डेक्सामेथासोन, म्हणजे कॉर्टिसोलची तीव्र कृत्रिम आवृत्ती, घातले की चित्र उलटू लागते. अर्ध्या तासाच्या आत केंद्रक हिरवेगार आणि भोवतालचा भाग काळा. केंद्रकातही उजेड सारखा पसरत नाही, ठिपक्या-ठिपक्यांनी दाटतो.

बाहेरून आत हा प्रवास रिसेप्टर एकट्याने करत नाही. पूर्वी समजत, हार्मोन चिकटताच एचएसपी-90 गळून पडते आणि रिसेप्टर मोकळा होऊन आत जातो. ओहायोच्या वैद्यकीय महाविद्यालयात एडविन सँचेझ यांच्या गटाने दाखवले, की हार्मोन आल्यावर आधी फक्त एचएसपी-90सोबतचा एक जोडीदार बदलतो. एफकेबीपी-51 हे प्रथिन जाते आणि एफकेबीपी-52 येते. हा नवा जोडीदार डायनिन या मोटर प्रथिनाशी जोडला जातो आणि डायनिन पेशीतल्या सूक्ष्मनलिकांवरून ओझे केंद्रकाकडे ओढते. जेल्डानामायसिन देऊन एचएसपी-90 निकामी केले, तर रिसेप्टरची चाल मंदावते. पुढे केंद्रकाच्या पडद्यातली छिद्रे ओलांडायला इम्पोर्टिन प्रथिने मदत करतात. हार्मोनने घडी बदलल्यामुळे रिसेप्टरवरची ‘मला आत न्या’ ही खूण आता त्यांच्या हाती लागते.

आत पोचणे म्हणजे चालू होणे मात्र नव्हे. मिफेप्रिस्टोन दिले तरी हिरवा उजेड केंद्रकात शिरतो, पण ठिपक्यांची मांडणी वेगळी दिसते आणि जनुके नीट चालू होत नाहीत. प्रवास आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे औषध दुसरे सहसा सापडत नाही.

केंद्रकात डीएनएची सुमारे तीन अब्ज अक्षरे आहेत. रिसेप्टरला हवी असते ती पंधरा अक्षरांची जागा : सहा अक्षरे, मध्ये तीन कोणतीही, आणि मग पहिल्या सहांची आरशातली प्रतिमा वाटावी अशी सहा. दोन रिसेप्टर जोडीने तिथे बसतात, प्रत्येकी एका अर्ध्या भागावर. डीएनए पकडणाऱ्या तुकड्यात जस्ताचे दोन अणू असतात आणि प्रत्येकाला चार सिस्टीन धरून ठेवतात. जस्त काढले तर तुकड्याचा आकारच कोसळतो. ही पकड 1991मध्ये येलमध्ये पॉल सिगलर आणि यामामोटो यांच्या गटांनी क्ष-किरणांनी पाहिली.

अशा जागा जनुकसंचात असंख्य आहेत, आणि एका पेशीत त्यांतल्या थोड्याच वापरल्या जातात. हेगर यांच्या प्रयोगशाळेने 2011मध्ये दाखवले, की रिसेप्टर मुख्यतः तिथेच बसतो जिथे डीएनएची गुंडाळी आधीपासून सैल असते. कुठे सैल असावी हे पेशीच्या प्रकारावर ठरते. म्हणून तेच कॉर्टिसोल यकृतात साखर बनवणारी जनुके चालू करते आणि रोगप्रतिकारक पेशींत सुजेचे संदेश बंद पाडते. स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या की मधुमेह्याची साखर का चढते आणि त्याच गोळ्यांनी सांधे का हलके होतात, याचे उत्तर रिसेप्टरमध्ये शोधून सापडत नाही. रिसेप्टर दोन्हीकडे एकच असतो.

आता सर्वांत अनपेक्षित भाग. रिसेप्टर एकदा योग्य जागी बसला, की हार्मोन असेपर्यंत तिथे ठाण मांडत असणार, असे सगळे धरून चालले होते. बेथेस्डात एक उंदराच्या पेशींचा वाण होता, ज्याच्या एका गुणसूत्रावर रिसेप्टरला बसायच्या जागांचे सुमारे 200 संच ओळीने रचलेले होते. हार्मोन दिल्यावर तिथे इतके हिरवे रिसेप्टर गोळा होत, की एक ठळक ठिपका नुसत्या सूक्ष्मदर्शकातून दिसे. जेम्स मॅकनॅली, हेगर आणि सहकाऱ्यांनी या ठिपक्यावर लेसरचा झोत टाकून त्यातली चमक जाळून टाकली. रिसेप्टर तिथेच बसून राहत असते, तर ठिपका बराच वेळ काळा राहिला असता. तो काही सेकंदांत पुन्हा हिरवा झाला. जळलेले निघून गेले होते आणि नवे येऊन बसले होते. 2000मध्ये ‘सायन्स’मध्ये हे छापून आले तेव्हा अनेकांनी शंका घेतली. पुढे एकेका रेणूवर नजर ठेवण्याचे तंत्र आले, आणि तेव्हाही मुक्काम सेकंदांचाच निघाला.

सेकंदभर बसून काय होत असेल? प्रत्येक भेटीत रिसेप्टर सहायक प्रथिने आणतो. ती डीएनएची गुंडाळी आणखी सैल करतात आणि तिच्यावर रासायनिक खुणा ठेवतात. तो उठून गेल्यावरही या खुणा काही काळ राहतात आणि पुढच्याला बसणे सोपे होते. निसटलेल्या रिसेप्टरला केंद्रकातच पुन्हा एचएसपी-90ची मंडळी उचलतात, घडी घालतात, नव्या हार्मोनसाठी तयार करतात.

या सततच्या येण्या-जाण्याचा फायदा 2009मध्ये ध्यानात आला. शरीर कॉर्टिसोल संथ धारेने सोडत नाही, साधारण तासातासाने झटक्यांत सोडते. हेगर यांच्या प्रयोगशाळेने पेशींना तशाच झटक्यांत हार्मोन दिला. प्रत्येक झटक्याबरोबर जनुक चालू झाले, आणि हार्मोन धुऊन काढताच बंद. डेक्सामेथासोनसारखी कृत्रिम औषधे रिसेप्टरला जास्त घट्ट आणि जास्त वेळ धरतात, त्यामुळे हे स्पंदन पुसले जाते.

राहिला एक प्रश्न. अल्डोस्टेरॉनचा रिसेप्टर कॉर्टिसोललाही तितक्याच आवडीने धरतो, आणि रक्तात कॉर्टिसोल अल्डोस्टेरॉनच्या शेकडो पट असते. मग मूत्रपिंडातला तो रिसेप्टर दिवसभर कॉर्टिसोलनेच का भरलेला नसतो? कारण मूत्रपिंडाच्या त्या पेशींत एक एन्झाइम दारातच कॉर्टिसोलचे कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करते, आणि कॉर्टिसोन या रिसेप्टरला चिकटत नाही. आपल्या काढ्यांतला ज्येष्ठमध नेमके हेच एन्झाइम बंद पाडतो. मग कॉर्टिसोल त्या रिसेप्टरला चालू करते, शरीर मीठ साठवू लागते, पोटॅशियम मूत्रावाटे जाते आणि रक्तदाब चढतो. अमेरिकेच्या एफडीएने यावर सूचनाच काढली आहे : वय चाळीसच्या पुढे असेल आणि रोज दोन औंस, म्हणजे सुमारे 57 ग्रॅम, काळी लिकोरिस (म्हणजे ज्येष्ठमधाची) गोळी निदान दोन आठवडे खाल्ली, तर हृदयाचे ठोके अनियमित होऊन रुग्णालयात जावे लागू शकते. त्याच सूचनेत असेही म्हटले आहे, की तिथे लिकोरिसच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गोळ्यांत ज्येष्ठमध नसतोच, तशाच वासाचे ॲनिसचे तेल असते.